आमच्या बाकावरचं कोलेस्टेरॉल

किस्से रक्तवाहिनीतल्या चरबीसारखे असतात. साचताना आवाज करत नाहीत. आपण आपल्या नोकरीत, संसारात असतो, ते आत एकेक थर धरत असतात. आणि एखाद्या दिवशी चारचौघांत असं काही अडकतं की सगळं बाहेर काढावंच लागतं.

माझ्याजवळचे बहुतेक किस्से गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या एका बाकावर साचले. तिथे आम्ही चौघं रोज सकाळी चालायला जमतो. म्हणजे एक फेरी, मग बाक, मग कोपऱ्यावरची मिसळ. याला आमच्या घरी 'व्यायामाला गेलेत' असं म्हणतात. वाघ सर गणिताचे निवृत्त शिक्षक. दत्तूभाऊ मखमलाबादकडचे, द्राक्षाची बाग मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले. निकम एसटीच्या डेपोतला निवृत्त वाहतूक नियंत्रक, मूळचा येवल्याचा. आणि मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळणारा कारकून. कचेरीत मला सगळे 'भाऊसाहेब' म्हणायचे, ते बाकावरही चालू राहिलं.

पूर्वी या बाकावर राजकारण निघायचं. साठी ओलांडली आणि खिशातून रिपोर्ट निघायला लागले.

* * *

पहिला रिपोर्ट वाघ सरांचा. एकूण कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठेचाळीस.

"तुमच्यापैकी कोणाचं आहे का एवढं?" सरांनी विचारलं. आवाजात काळजी नव्हती, किंचित अभिमान होता. पस्तीस वर्षं ज्यांनी 'जास्त ते चांगलं' असंच शिकवलं, त्यांची आकडा बघायची नजर एकदम कशी बदलणार?

मी रिपोर्ट हातात घेतला. त्यात एक चांगलं कोलेस्टेरॉल असतं, एचडीएल, ते जास्त हवं. सरांचं कमी. एक वाईट असतं, एलडीएल, ते कमी हवं. सरांचं भरघोस.

"सर," मी म्हणालो, "ज्यात पास व्हायचं त्यात तुम्ही नापास आहात, आणि ज्यात नापास व्हायचं त्यात डिस्टिंक्शन."

सर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. शाळेत असताना शेवटच्या बाकावर बसायचे आणि सरांच्या हातचा मारही त्यांनी खाल्लेला. डॉक्टरांनी रिपोर्ट सावकाश वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणि बहुधा तीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य शांतपणे उच्चारलं.

"सर, हे असं चालणार नाही. उद्या घरच्यांना घेऊन या!"

तेव्हापासून डॉक्टरांनी हा नियमच केला. रिपोर्ट वाईट, की बायकोला घेऊन या. नवऱ्याला सांगितलेलं पथ्य दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सांडतं, असं त्यांचं निरीक्षण.

* * *

दत्तूभाऊंना लॅबमधून फोनवर सांगितलं होतं, बारा तास काही खायचं नाही. भाऊ सकाळी सातला हजर. रक्त काढणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"नाय."

"काहीच नाही?"

"नाय म्हनलं ना पोरी! नुसता चहा घेतला."

"अहो, चहा कशाला घेतलात?"

"चहा काय खानं हाय का?"

मुलगी हुशार होती. तिनं पुढचा प्रश्न टाकला. "चहाबरोबर काही?"

"दोन खारी होत्या," भाऊ म्हणाले. "पन त्या चहात बुडवल्या. बुडवलेली खारी पिन्यातच धरत्यात."

मुलीनं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ कडकडीत उपाशी गेले. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. घरापासून लॅबपर्यंत दोन रिक्षावाल्यांशी भांडले, रक्त दिलं, आणि दंडावरचा कापूस दाबून धरत थेट समोरच्या मिसळवाल्याकडे.

तिथे आम्ही तिघं बसलेलोच होतो. भाऊंनी एका हातानं पाव मोडायचा प्रयत्न केला, तो जमेना. तेव्हा त्यांनी कापूस माझ्या हातात दिला.

"धरा भाऊसाहेब. तपासनी संपली आपली!"

* * *

आता स्वतःचंही सांगायला हवं. नाहीतर कारकून दुसऱ्याच्याच फायली उघडतो, असा आरोप व्हायचा.

सरकारी कचेरीत तपासणी अधिकारी येणार असला की महिनाभर आधी पत्र येतं. मग जिन्याला चुना लागतो, बंद दिवे बदलतात, धूळ खाणाऱ्या फायलींना नवी कव्हरं चढतात. साहेब येतात, 'समाधानकारक' असा शेरा मारतात, जातात. दुसऱ्या दिवशी नवे दिवे कोणाच्या तरी घरी लागलेले असतात.

मी हाच अनुभव रक्ताला लावला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती आणि तीन महिन्यांनी तपासणी सांगितली होती. मी नेमानं गोळी घेतली आणि शेवटचा महिना दुधी, मूग आणि पाच फेऱ्या. मिसळीच्या वासालासुद्धा नाकाला रुमाल. रिपोर्ट समाधानकारक! त्या दिवशी मी तर्री दोनदा मागून घेतली आणि गोळी बंद केली. रोगच राहिला नाही, तर गोळी कोणासाठी घ्यायची?

चार महिन्यांनी सर्दीसाठी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "बाही वर करा. आत्ताच रक्त घेऊ."

"अहो, पण मी नाश्ता करून आलोय!"

"पहिल्या अंदाजाला चालतं आता."

"पण पूर्वसूचना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. "भाऊसाहेब, हा जुना गोळीचा आणि दुधीचा. हा तुमचा. गोळी होती म्हणून आकडा खाली होता. आकडा खाली आला म्हणून गोळी सोडायची नसते."

इतका स्पष्ट शेरा मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

* * *

मग आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये याच डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'कोलेस्टेरॉल: न दिसणारा धोका'. अध्यक्ष वाघ सर. हॉल भरला, कारण कार्यक्रमपत्रिकेवर खाली 'अल्पोपाहार' छापलं होतं.

डॉक्टर छान बोलले. हे दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. रक्तवाहिनी आतून अरुंद होत जाते आणि माणूस आपल्याला काही झालेलं नाही म्हणून हिंडत असतो. रक्त तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही. जाड माणसालाच होतं असंही नाही. घराण्यात असेल तर सडपातळ माणसानंही तपासावं. आणि बायकांनी पन्नाशीनंतर तर नक्कीच तपासावं, कारण घरात सगळ्यांत शेवटी त्यांचीच तपासणी होते.

हे शेवटचं वाक्य ऐकायला हॉलमध्ये एकही बाई नव्हती. सगळ्या मागच्या बाजूला वडे तळत होत्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. दत्तूभाऊ उभे राहिले. "डाक्टर, तर्रीवरचं तेल चमच्यानं काढून बाजूला ठिवलं तर?"

"उत्तम!"

"आन् ते बाजूचं मग पावानं टिपून घेतलं तर?"

हसण्याचा आवाज विरल्यावर डॉक्टरांनी पहिल्या रांगेतल्या निकमकडे बघितलं. "निकमकाका, तुम्ही केली का तपासणी?"

निकम काडीसारखा बारीक. "मला कशाला हो? माझ्या अंगावर चरबी शोधायला दुर्बीण लागेल."

"घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

निकमनं हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या चार घड्या करून ती खिशात घातली. त्याचा धाकटा भाऊ येवल्यात पैठणी विणायचा. निकमसारखाच काडी. दोन वर्षांपूर्वी मागावर बसलेला असतानाच गेला. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि डॉक्टरांना आता निकमच्या चेहऱ्यावरून कळलं.

तेवढ्यात वडे आले. डॉक्टरांनी दोन घेतले.

* * *

त्यानंतर आम्ही निकमच्या मागे लागलो. निकम टाळायला लागला. आज पाहुणे आहेत, उद्या प्रदोष आहे. वाघ सरांना संशय आला. त्यांनी डेपोतल्या एका जुन्या कंडक्टरकडे चौकशी केली. समजलं ते असं की, डेपोत कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी लागली की निकम त्या दिवशी हमखास इगतपुरीला जादा गाड्यांवर ड्युटी लावून घ्यायचा. दोनशे ड्रायव्हरांना एका हाकेत गप्प करणारा हा माणूस सुईला भीत होता!

बाकावर आम्ही त्याला सोडलं नाही. शेवटी चिडून त्यानं आमच्यासमोर लॅबला फोन केला आणि मंगळवारी सकाळी घरी येऊन रक्त न्यायला सांगितलं.

मंगळवारी निकम बाकावर हसत आला.

"झालं?"

"झालं. पोरगी आली, रक्त घेऊन गेली."

"दुखलं का रे?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"छे! मला तर काही कळलंसुद्धा नाही."

बुधवारी मात्र त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. मी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "सुधाकर निकम, पुरुष, वय सदुसष्ट. एलडीएल एकशे ब्याण्णव." आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

त्या दिवशी निकमनं मिसळ खाल्ली नाही. ताटली बाजूला सारून म्हणाला, "हे असं साचायला किती दिवस लागत असतील?"

"वर्षं लागतात," वाघ सर म्हणाले.

"म्हणजे लग्नानंतरच साचलं असेल."

"घ्या!" दत्तूभाऊ म्हणाले. "आता हेबी खापर वहिनीच्याच डोक्यावर फोड!"

निकमनं मान खाली घातली.

* * *

गुरुवारी ट्रॅकवर निकमची बायको, सुमनवहिनी. नऊवार नव्हे, साधी पाचवारी, खाली पांढरेशुभ्र नवे बूट, आणि शेजारी निकम घड्याळ हातात घेऊन. "अजून दोन फेऱ्या. दोन झाल्याशिवाय गाडी डेपोत घ्यायची नाही!"

आम्ही बाकावरून बघत राहिलो. रिपोर्ट नवऱ्याचा आणि दामटवतोय बायकोला!

"निकम," वाघ सर ओरडले, "अजून ड्युटी दुसऱ्याला लावायची सवय गेली नाही का रे तुझी?"

निकम एरवी दहा उत्तरं देणारा, आज घड्याळात बघत फेऱ्या मोजायला लागला.

वहिनी दम खायला आमच्याजवळ टेकल्या. "भाऊसाहेब, तुम्ही तरी विचारा यांना काय झालंय. रिपोर्ट ठीक आहे म्हणतात. पण काल उरलेली भजी मी संपवत होते, तर ताटातून उचलून नेली. चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्या ताटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. जिना चढले की विचारतात, धाप लागली का? स्वतः मात्र टुणटुणीत!"

'रिपोर्ट ठीक आहे' हे ऐकून मी निकमकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. चपला घातल्या होत्या त्यानं. नाडी वहिनींची होती.

धसका डोक्यात गेला, असं आम्ही बाकावर ठरवलं, आणि मी परस्पर, निकमच्या भावाचंही सांगून, डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली. नियमाप्रमाणे वहिनींसह.

* * *

दवाखान्यात निकमनं मलाही आत नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि गंभीर झाले.

"निकमकाका, हे बरंच वर आहे. भावाचंही लक्षात घ्यायला हवं. आजपासून रोज एक गोळी, आणि आणखी काही तपासण्या करू."

वहिनी चमकून निकमकडे बघायला लागल्या. निकम खुर्चीच्या टोकावर आला.

"डॉक्टर, ही गोळी बायकांना चालते का?"

"चालते की. पण तुमची गोळी तुम्हीच घ्यायची. वाटून घ्यायची नाही."

"नाही, पण समजा..."

"समजा वगैरे काही नाही. उद्यापासून नाही, आजपासून." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून वहिनींच्या हातात दिली. "काकू, तुम्ही लक्ष ठेवा. हे टाळणार, मला दिसतंय."

वहिनींनी चिठ्ठी वाचली. मग टेबलावरचा रिपोर्ट आपल्याकडे फिरवून घेतला.

"डॉक्टर, हा मंगळवारचा ना?"

"हो."

"सकाळी ती पोर येऊन रक्त घेऊन गेली, तेच हे?"

"तेच."

निकम भिंतीवरचं हृदयाचं चित्र असं बघत होता, जणू त्यात इगतपुरीला जाणारा रस्ता काढलेला होता.

"अहो," वहिनी त्याला म्हणाल्या, "म्हणून माझी भजी उचललीत होय!"

निकमनं रुमालानं डोळे पुसले. घाम पुसतोय असं दाखवत.

वहिनींनी चिठ्ठीची घडी घातली. "डॉक्टर, गोळी यांनी घेतली, तर माझं कसं उतरायचं?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"हे ऐन वेळी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. हाका मारल्या, बाहेर येईनात. तिला अजून सात घरं करायची होती बिचारीला. मी पूजेआधी काही खात नाहीच."

"पण म्हणून काकू, तुम्ही स्वतःचं रक्त दिलंत?"

"मग काय करणार?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी सकाळी दारात आलेली पोर. रिकाम्या हाती कशी पाठवायची?"