परक्या गावातली घरभरणी

माझ्या लहानपणी आमच्या घरात मेंढ्या जास्त आणि भांडी कमी होती. चुडाव्याच्या शिवारात वडील मेंढ्या वळायचे, आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची आणि आम्हा भावंडांना सांभाळायची ती आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा वारला, म्हणून ती माहेरी आली होती. गावात घरभरणी असली की आई जायची, आत्या नाही. नव्या घरात चुलीवर दूध उतू घालायचं ते सवाशिणीनं. विधवेला कोण बोलावणार? "मला कामं हायती," एवढंच ती म्हणायची. मागच्या महिन्यात ती गेली. भावाचा फोन आला तेव्हा मी परभणीला ऑफिसात होते. "आत्या गेली..." तो म्हणाला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी ताठ मानेनं सांगते, आणि आत्या माझ्यापेक्षा जास्त सांगायची. मी कॉलेजात असताना लातूरकडं भूकंप झाला. आमच्या कॉलेजातली मुलं-मुली मदतीला निघाली. वडील म्हणाले, "एकटी पोर धाडणार न्हाई." आत्यानं तिथल्या तिथं गाठोडं बांधलं. "मी हाय की संगं. भाकरी तर थापीन." मग सुट्टी लागली की आम्ही दोघी तिकडच्या एका गावी जायचो. आधी दगड-माती उपसली, पुढं नव्या घरांच्या विटा वाहिल्या, भिंतींवर पाणी मारलं. घरं उभी राहिली, पण आत कुणी जाईना. लोक पत्र्याच्या शेडात, झाडाखाली राहायचे. डोक्यावर छत म्हटलं की अंगावर काटा यायचा त्यांच्या. आम्ही समजावून थकलो.

तिथं शेवंताबाई होत्या. नवरा आणि थोरला मुलगा ढिगाऱ्याखाली गेलेले. भाकऱ्या थापता थापता आत्याची त्यांच्याशी गट्टी जमली. आत्यानं एकदा विचारलंच, "घर झालं की बाई, आत का जाईनात?"

"घर भरल्याबिगर कसं जावं? अन् दूध कुणी उतवावं? आमच्या गल्लीत सवाशीण ऱ्हायली न्हाई." शेवंताबाई थोड्या थांबल्या. "तुमीच उतवा."

आत्या मागं सरकली. "मी? आमच्या गावात मला दाराशीबी उभं करत न्हाईत."

"मंग हितं तुमच्याहून निराळं कोण हाय? उठा."

कुणीतरी शेळीचं दूध आणलं. आत्यानं चूल पेटवली, पातेलं ठेवलं. दूध वर आलं, काठाला लागलं... आणि तिनं पदरानं पातेलं चटकन खाली उतरवलं! आमच्या घरात दुधाचा थेंब सांडला तरी बोलणी बसायची, ती सवय कुठं जाणार? शेवंताबाई ओरडल्या, "अवो, उतू जाऊ द्यायचं असतंय!"

"सांडलं असतं की!"

"सांडायलाच तर ठिवलंय!"

दारातल्या बाया हसायला लागल्या. त्या गावात मोठ्यानं हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्यानं पातेलं परत ठेवलं आणि हात मागं बांधून उभी राहिली. या वेळी दूध उतू गेलं. त्या रात्री ती शेवंताबाईंसोबत त्याच छताखाली झोपली, दार उघडं ठेवून. सकाळी शेजारीण विचारत आली, "आमच्याकडं कवा येता, आक्का?"

सुट्टी संपली, मी परतले. आत्या मात्र पुष्कळ दिवस तिथंच राहिली. आमच्या गावात तिला पुढंही कुणी बोलावलं नाही. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती, माझी आहे. माझ्या परभणीच्या घराचं दूध तिनंच उतवलं, कुणाला पटो न पटो.

परवा मी शेवंताबाईंकडं जाऊन आले. खूप थकल्यात. पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या भिंतीला टेकून आत्या आणि त्या सुपारी कातरत बसायच्या. आत्याची जागा त्यांनी मोकळीच ठेवली होती. मला बस म्हणाल्या, पण मला तिथं बसवेना... आतून आत्ता आत्याचं "च्या घेतीस का गं?" ऐकू येईल असं वाटत राहिलं. निघताना गल्लीतून चालत गेले. दारादारांत वाळवणं, मोटारसायकली, भांडणारी पोरं. आत्यानं जिथं जिथं पहिली चूल पेटवली, त्यातलं एकही घर आज रिकामं नाही.