उजेडाने धरलेला मणी

आईचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा आमच्या घरातून कपबश्या नाहीशा झाल्या. चहा स्टीलच्या पेल्यातून यायला लागला, तोही अर्धाच. विचारलं तर म्हणाली, "बश्या घासायची कटकट." मी डॉक्टरांचं नाव काढलं की तिला एकदम गोठ्यात काम निघायचं. आमच्या गोठ्यात गुरं नाहीत, लाकडं आहेत.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात उजेडाने कण धरते. म्हणजे केसाएवढ्या बारीक नळीतून पाणी सोडायचं, त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे मणी, आणि सूक्ष्मदर्शकातून लेसरचा किरण एका बिंदूवर आणायचा. मणी त्या बिंदूत अडकतो. किरण हळू सरकवला की मागोमाग येतो. याचा मला पगार मिळतो, हे आईला कधीच पटलेलं नाही.

मी हट्टी, आणि ती माझी आई. जेवताना डॉक्टर, झोपताना डॉक्टर, असं मी लावून धरलं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी ओरडते. शेवटी ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

एका शनिवारी बाजार आटपून ती प्रयोगशाळेत आली, बसला वेळ होता म्हणून. मी पंखा बंद केला, कारण त्याच्या हादऱ्यानेही मणी सुटतो. एक मणी धरून पडद्यावर दाखवला. सुरमई घ्यायची की नाही हे ठरवताना बघते, तशी ती बघत राहिली. उजवा हात पदराखाली होता.

"धरलायस ना? मग हलतोय कशाला गो?"

"पाणी त्याला सारखं धक्के मारतं. धरला तरी थरथरतोच."

"म्हणजे मुद्दाम नाय करत."

"नाही."

"मग घट्ट धर की."

"किरणाचा जोर वाढवला की पाणी तापतं, बुडबुडा येतो आणि मणी पळतो. बेतानेच धरावा लागतो."

तिला दाखवावं म्हणून जोर वाढवला. बुडबुडा आला. मणी गेला.

आईने रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "येवढं कळतं तर घरात येवढा जोर कशाला लावतेस?"

मला फार वाईट वाटलं. ती पिशवी उचलून बसला गेली आणि मी उगाच दुसरा मणी शोधत बसले.

त्यानंतर मी डॉक्टरांचं नाव काढलं नाही. हे आजवरच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा अवघड गेलं. मग एक दिवस सकाळी मी कॉलेजला निघाले, तर आई ठेवणीतली साडी नेसून पडवीत बसलेली.

"कुठे बसतो तो तुझा डॉक्टर?"

बसमध्ये ती खिडकीशी बसली. "उतरताना हात दे हां," म्हणाली. उतरायला अजून बराच वेळ होता, पण तिने स्वतःचा हात तेव्हाच माझ्या हातात ठेवला. स्टँड येईपर्यंत तो थरथरत होता, आणि मी घट्ट धरला नाही.