मैत्रीच्या सामन्यातलं लाल कार्ड

तिला गल्लीत सगळे 'शिट्टी' म्हणायचे. मुलींच्या शाळेत ती खेळाच्या बाई होती, तिथे तिला मान होता, हजेरीपटावर चांगलं लांबलचक नाव होतं. पण गल्लीत पाऊल टाकलं की ती शिट्टीच.

हे नाव तिला चिकटलं ते लहानपणी. तिचा थोरला भाऊ आणि त्याचे मित्र गोदामामागच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळायचे. हिला कुणी खेळायला घ्यायचं नाही. पण गोल झाला की नाही यावरून तिथे रोज हाणामारी व्हायची, शर्ट फाटायचे, मग पोरांच्या आया एकमेकींच्या दारात जाऊन भांडायच्या. शेवटी कंटाळून एक जण म्हणाला, "हिला उभी करा मध्ये. नाहीतरी नुसती बघतच असते."

भाऊ मनातून खूश झाला. सख्खी बहीण, म्हणजे निकाल खिशातच. आणि हिनं पहिल्याच दिवशी शिट्टी फुंकून त्याचा गोल रद्द केला. तो तणतणत घरी आला आणि आईकडे तक्रार घेऊन गेला. आईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "चेंडूला हात लागला होता का?"

भाऊ पायाची माती झटकायला लागला.

"मग बस जेवायला."

त्या दिवसापासून ती जी मैदानाच्या मध्ये उभी राहिली ती राहिलीच. शाळांचे सामने झाले, मुलींची लीग झाली, पंचांच्या परीक्षा झाल्या, मग पुरुषांचे सामनेही मिळायला लागले. सुरुवातीला खेळाडू तिच्याकडे बघून हसायचे. पहिलं कार्ड निघालं की हसू ओसरायचं. ती आवाज चढवायची नाही. शाळेत वर्गभर मुलींचा दंगा चालू असताना ती जशी नुसती दारात येऊन उभी राहायची, तशीच मैदानावर उभी राहायची.

भावाचं खाली सलून होतं, वर घर. ती वरच्याच खोलीत राहायची आणि जेवायला वहिनीकडे असायची. सलूनमध्ये आरशांपेक्षा फुटबॉलवाल्यांचे फोटोच जास्त. सगळ्यात मोठा फोटो देशाच्या संघातल्या दहा नंबरचा. पोरं खुर्चीत बसायची आणि बोट दाखवून म्हणायची, "याच्यासारखे कापा."

त्या वर्षी शहरात नवं स्टेडियम झालं आणि त्याच्या उद्घाटनाला चार देशांची मैत्रीपूर्ण स्पर्धा ठरली. अंतिम सामन्यात आपला निळा संघ आणि शेजारच्या देशाचा पांढरा संघ. मैत्री नुसती बॅनरवर. गेली कित्येक वर्षं या दोघांचा सामना धक्काबुक्कीशिवाय झाला नव्हता. पंचांची नावं जाहीर झाली, त्यात चौथी पंच म्हणून शिट्टी.

"चौथी म्हणजे पाटी धरणारी," भाऊ वस्तरा पुसत म्हणाला. "बदली खेळाडूचा नंबर वर करायचा आणि खाली करायचा. पुण्याचं काम."

"पाटी तरी सरळ धरेन," ती म्हणाली. "तुझ्यासारखे कल्ले वरखाली नाही करणार."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं पटकन आरशात आपले कल्ले पाहून घेतले.

सामन्याच्या आधी फुटबॉल मंडळाचे सचिव पंचांच्या खोलीत आले. सूट नवा होता, घाम जुनाच. सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर तिच्यासमोर थांबले. "बाई, पाहुणे आलेत, मंत्री आलेत. मैत्रीचा सामना आहे. जरा सांभाळून घ्यायचं."

"मुख्य पंच ते आहेत," तिनं बोट दाखवलं.

मुख्य पंच बुटांच्या नाड्या बांधत होते. पिकल्या केसांचा, शांत माणूस. त्यांनी मान वर केली नाही, पण हसले.

पूर्वार्धात एकेक गोल झाला आणि खेळ तापला. दहा नंबरनं पांढऱ्यांच्या एका खेळाडूला मागून शर्ट धरून खाली पाडलं. मुख्य पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. प्रेक्षक ओरडले, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. शिट्टीनं मात्र आपल्या टिपणात खूण केली.

उत्तरार्धाचा बराच खेळ झाला होता. मुख्य पंच चेंडूमागे धावता धावता थांबले आणि पोटरी धरून खालीच बसले. डॉक्टर आले, बर्फ आला, पट्टी झाली. उभं राहायला गेले तर पाय टेकेना. सचिव धावत रेषेपाशी आले. "आता काय? लाइनवरच्या एखाद्याला आत घ्या!"

"नियमात चौथी पंच आहे," मुख्य पंच बसल्या बसल्या म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "जा तू. आणि दहा नंबरला एक..."

"माहितीये."

"मग माझं काय काम!" ते म्हणाले आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.

ती आत गेली. स्टेडियममध्ये आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी शीळ घातली, मग हशा पिकला. तिनं तिकडे पाहिलंही नाही. दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावलं. "बोलायचं असेल तर तुम्ही दोघांनी येऊन बोला. बाकीच्यांना लांब ठेवा. मला गर्दी आवडत नाही." निळ्यांचा कर्णधार धिप्पाड, दाढीवाला गडी, त्यानं शाळकरी मुलासारखी मान हलवली. पांढऱ्यांच्या कर्णधाराला भाषा कळली नसावी, पण सूर कळला.

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिल्याच फ्री किकला पाच-सहा जण तिच्या अंगावर आले. ती जागची हलली नाही. हाताची बोटं एकदाच बाहेरच्या दिशेनं हलवली आणि ते मागे सरकले. त्यानंतर तिला धावण्याशिवाय दुसरं काही करावं लागलं नाही. पाय हलके झाले होते. एवढं मोठं हिरवंगार मैदान आपल्याचसाठी घासूनपुसून ठेवलंय असं तिला वाटलं.

आणि सामना संपत आला असताना दहा नंबर सुटला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, पेनल्टीच्या चौकोनात शिरला. पांढऱ्यांच्या बचावपटूनं पाय पुढे टाकला आणि लगेच मागे घेतला. ती अगदी जवळ होती. दोघांच्या पायांमधलं गवत तिला दिसत होतं. पाय पायाला लागला नव्हता. दहा नंबर त्याच्या आधीच हवेत गेला होता, हात पसरून, तोंड वेडंवाकडं करून.

तिनं शिट्टी वाजवली.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. पेनल्टी मिळाली, स्पर्धा जिंकल्यातच जमा. ती चालत दहा नंबरपाशी गेली. भीती वाटली नाही असं नाही, तोंड कोरडं पडलं होतं. पण भीती तोंडापुरतीच राहिली, डोळ्यांत आली नाही. जे पाहिलं ते पाहिलं होतं. तिनं खिशातून पिवळं कार्ड काढून वर धरलं.

आवाज कापल्यासारखा थांबला. नाटक केल्याचं कार्ड! लोकांना ते कळेपर्यंत तिनं दुसऱ्या खिशातून लाल कार्ड काढलं. दुसरं पिवळं, म्हणजे बाहेर.

दहा नंबर उठून धावत आला. "बाई, मैत्रीचा सामना आहे हा!"

"हो ना. मग भांडताय कशाला? चला, बाहेर व्हा."

वरून पाण्याच्या बाटल्या आल्या. तिनं खेळ थांबवला, दोन्ही संघांना मधोमध उभं केलं आणि हाताची घडी घालून मैदान साफ होण्याची वाट पाहिली. निळ्यांचा कर्णधार काही बोलायला आला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच बाटल्या उचलायला लागला. बरोबरीत सामना संपला. पेनल्टी किकवर पांढरे जिंकले.

बाहेर येताना सचिवांनी गाठलंच. "बाई, मी सांभाळून घ्या म्हटलं होतं!"

"सांभाळलंच की," ती म्हणाली. "कुणाला खरचटलंही नाही. दहा नंबरला तर मुळीच नाही."

मागे भिंतीला टेकून मुख्य पंच एका पायावर उभे होते, ते इतके हसले की पुन्हा पोटरी धरावी लागली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सलून भरलेलं होतं. तिला पाहताच सगळ्यांनी माना टीव्हीकडे वळवल्या. भाऊ एकाची दाढी करत होता, गिऱ्हाइकाचा अर्धा गाल फेसात होता.

"पेनल्टी होती," भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला.

"नव्हती."

"मी गॅलरीत अगदी समोर बसलो होतो!"

"मी त्याहून जवळ होते."

"टीव्हीवर दाखवतायत बघा," फेसवाला म्हणाला. भावानं टीव्ही बंद करायला रिमोटकडे हात नेला, पण त्याच्या आधी वरून आलेल्या वहिनीनं तो उचलून आवाज मोठा केला. पडद्यावर पाय हळूच पुढे आला, हळूच मागे गेला, मध्ये चांगली वीतभर हवा. दहा नंबर पक्ष्यासारखा उडाला. एकदा, दोनदा, तीनदा उडाला.

सगळे भावाकडे बघायला लागले. त्यानं बराच वेळ वस्तरा पाण्यात खळबळला.

"कॅमेरा वाकडा लावलाय," तो म्हणाला.

आधी फेसवाला हसला, मग सगळं सलून हसलं. वहिनी म्हणाली, "पुरे आता. तिला आत येऊ दे, सकाळपासून पोटात काही नाही तिच्या."

मंडळानं मात्र त्यानंतर तिला बराच काळ मोठा सामना दिला नाही. कारण विचारलं तर सचिव सांगायचे, यादी तयार होतेय. ती शाळेत मुलींना शिकवत राहिली, छोटे सामने करत राहिली आणि कुणाच्या मिनतवाऱ्या केल्या नाहीत. दहा नंबर एका मुलाखतीत म्हणाला की पाय घसरला होता. गल्लीत अर्धे लोक ते खरं मानायचे, अर्धे तिला पाहिलं की उगाच घसरून दाखवायचे. ती त्यांनाही हसायची.

मग पांढऱ्यांच्या देशात तशीच मैत्रीची स्पर्धा भरली. त्यांनी मंडळाला फोन करून सांगितलं, निळ्या-पांढऱ्यांच्या उद्घाटनाच्या सामन्याला मुख्य पंच म्हणून त्याच बाईंना पाठवा. सचिवांनी स्वतः येऊन, सलूनमध्ये खुर्चीवर बसून, तिला ही बातमी दिली आणि भावाकडून फुकटात केसही कापून घेतले.

भावानं दाराला कुलूप लावलं आणि वहिनीला घेऊन तोही गेला. परक्या देशातलं मैदान, परकी भाषा, गच्च भरलेली गॅलरी. सामना रंगात आला असताना चेंडू रेषेबाहेर गेला. शेवटचा स्पर्श निळ्या पायाचा होता. तिनं पांढऱ्यांना थ्रो-इन दिला. तेवढ्यात त्या सगळ्या अनोळखी गलक्यातून एक ओळखीचा आवाज खणखणीत आला, "ए पंच! डोळे घरी ठेवून आलीस का?"

तिनं हसू ओठांत दाबलं आणि हात होता तसाच, पांढऱ्यांच्या बाजूला, ठाम धरून ठेवला.