अडकलेलं स्टिअरिंग

आमच्या जुन्या काळ्या मोटारीचं स्टिअरिंग एका दांडीपाशी तडकलं होतं. बाबांनी त्यावर तार गुंडाळून वर सायकलची ट्यूब ओढली होती. वळण घेताना ते हातात कुरकुरायचं. मी बोललो की म्हणायचे, "चालते." बाबांना सगळंच चालायचं, फक्त माझं बोलणं सोडून.

पण आता ताईला आणायचं होतं. ती दिघोरीला सासरी, पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. आठवा लागला की बाईला हलवत नाहीत, हे तिच्या सासरीही पाळत आणि आमच्याकडेही. दिवस उद्याचा ठरला होता. मी नागपूरच्या जुन्या बाजारातून एक धड स्टिअरिंग आणून ठेवलं होतं. जुनं काढायचं, हे बसवायचं, तासाभराचं काम, अशी माझी समजूत.

मधलं हॉर्नचं बटण काढलं, नट ढिला केला. स्टिअरिंगचं चाक मात्र मधल्या लोखंडी दांड्यावरून, शाफ्टवरून, केसभरही हलेना. रॉकेल सोडलं, गुडघे टेकवून ओढलं, शेवटी चिडून हातोडी घेतली. बाबा अंगणात उभे राहून ओरडत होते, "मोडशील! तुह्या हातानं एक काम धड होत नाही." दुपार झाली तेव्हा म्हणाले, "राहू दे. तार घट्ट करतो अन् तसाच जातो."

माझ्या डोळ्यांपुढे दिघोरीची वाट आली. कारध्याचा अरुंद पूल, समोरून धानाचा ट्रक आणि ताई मागच्या सीटवर. मी सायकल काढली आणि आमच्या तुमसरातल्याच एका राइस मिलच्या मिस्त्रींना घेऊन आलो. गच्च बसलेल्या पुल्या शाफ्टवरून ओढून काढणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

त्यांनी आधी माझी हातोडी उचलून लांब ठेवली. "कायले ठोकून राहिले होते? आटे गेले असते तं नवं चाक कशावर बसवलं असतं?" मी नट पूर्ण काढायला गेलो तर माझा हात धरला. "चार आटे राहू द्या. चाक एकदम सुटलं का थोबाडावर येते."

मग त्यांनी पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, घेतलं, त्याचे लोखंडी पाय चाकामागे अडकवले आणि मधला बोल्ट शाफ्टवर टेकवून पिळायला सुरुवात केली. एक फेरा, बोल्टवर एक हलका टोला, मग थांबायचं. असं कितीदा झालं कोण जाणे. चाक ढिम्म.

"पुलर वाकून राहिला," मिस्त्री म्हणाले. "आता एकच फेरा. नाही निघालं तं मी हात टेकले."

बाबांनी डोळे मिटले. मला खरंच रडू येत होतं. मिस्त्रींनी फेरा दिला, टोला मारला. काहीच नाही. ते घाम पुसायला वळले आणि खाडकन आवाज झाला. चाक सुटून नटावर येऊन आदळलं होतं.

शाफ्टवर गंज होता आणि त्यात पांढरट, लालसर खरपुड्या. मिस्त्रींनी बोटानं खरवडून पाहिलं. "हे पावसाचं पाणी नोहे, भाऊ. याच्यात कुकू आहे."

दसऱ्याला गाडीची पूजा बाबा स्वतः करत, आम्हाला हात लावू देत नसत. हॉर्नच्या बटणाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी ओंजळीनं तिथंच सोडायचं. दरवर्षी ते बटणाच्या फटीतून आत मुरत गेलं होतं.

"म्हणजे मीच केलं," बाबा म्हणाले. दिवसभर खाल्लेल्या बोलण्यांची भरपाई मला तिथंच करता आली असती, पण मी नवं चाक उचलून मिस्त्रींच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन परतताना कारध्याचा पूल ओलांडला आणि बाबांनी गाडी कडेला घेतली. मागे वळून ते ताईला म्हणाले, "काल ते जुनं चाक निघालं नसतं, तं मी तुले त्या फुटक्यावरच आनणार होतो."

ताईला काल काय झालं ते काहीच माहीत नव्हतं. तिनं पोटावर हात ठेवला आणि साधेपणानं म्हणाली, "तुम्ही आले असते तं मी बसलीच असती, बाबा."