बजेटातली बोट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढलाच, तर धानाच्या भावावर बोलत बसायचो. गेल्या महिन्यात ब्रह्मपुरीच्या बाजारात एका ओळखीच्या माणसानं सहज सांगितलं, "सुगंधाबाई गेल्या ना भाऊ. आठ दिवस झाले." मी रिकामी पिशवी घेऊन तसाच घरी परतलो.

नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा सुगंधाबाई आमच्या जिल्हा परिषदेत निवडून आल्या. वैनगंगेकाठी त्यांची धानाची शेती. इतर नव्या सदस्य बायकांचे नवरे मागे उभे राहून खुणा करायचे. यांचा नवरा बाहेर पानठेल्यावर असायचा. "त्याले काऊन आत आणू?" त्या म्हणायच्या. "तो वावरात माहं ऐकत नाई, मंग इथी मी त्याचं ऐकू का?" मी तेव्हा अर्थ समितीचा सभापती होतो. अंदाजपत्रकात काय घालायचं ते अध्यक्ष ठरवायचे, वाचून दाखवायचो मी.

बाईंची मागणी एकच होती. पावसाळ्यात नदीचं पाणी नाल्यात चढलं की त्यांच्याकडची गावं तुटायची. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला डोंग्यातून आणावं लागे; डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी, जरा कोणी हललं की कलंडणारी. त्यांना लोखंडी बोट हवी होती. त्या वर्षी अध्यक्षांनी आपल्या सरकारी बंगल्याची दुरुस्ती, आवारासमोरची कमान आणि सभागृहातल्या गादीच्या खुर्च्या आधी घातल्या. बोट कुठेच नव्हती. बाईंनी खुर्च्या काढून बोट घालण्याची सूचना मांडली, मतदान मागितलं, आणि कधी नव्हे ते काही सदस्य त्यांच्या बाजूला सरकू लागले...

जेवणाच्या सुटीत अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "सभापती, बाई तुमचं ऐकते. बोटीवर टोकन टाकून द्या, मिटवा." टोकन म्हणजे पुढे कधी पैसे देता यावेत म्हणून लिहून ठेवलेली नावापुरती रक्कम. तीत बोटीचा दोरही आला नसता. माझ्या गावच्या रस्त्याचं डांबर त्याच अंदाजपत्रकात होतं. ते अध्यक्षांना बोलून दाखवावं लागलं नाही.

मी बाईंजवळ जाऊन बसलो. "बाई, बोट बजेटात घेतो. सूचना मागे घ्या."

"पुरे पैसे?"

"सध्या टोकन. सुधारित अंदाजपत्रकात बाकीचे येतात."

"येतात, का तुमी आणता?"

"आणतो."

"मंग मी कायले भांडू," म्हणून त्या उठल्या. दुपारी त्यांनी सूचना मागे घेतली. मी वाचत गेलो आणि सगळे नेहमीसारखे बाकं वाजवत "मंजूर, मंजूर" म्हणत गेले.

बाईंनी गावोगाव सांगितलं, बोट मंजूर झाली. मी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. सुधारित अंदाजपत्रकाच्या वेळी मी बोटीचे पैसे मागितलेच नाहीत. मागूनही मिळाले नाहीत, असं घरातसुद्धा सांगत आलो. ते खोटं आहे. पावसाळा आला, बोट आली नाही. छापील अंदाजपत्रकात बोट होती, हे मात्र लोकांनी वाचलं होतं. मग ती गेली कुठे? बाईंनी बैलजोडी विकून घरावर टीन टाकले होते. लोक त्या टिनांना 'बोटीचे टीन' म्हणू लागले. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. एकदा मार्कंड्याच्या जत्रेत चहाच्या टपरीवर त्यांच्याच गावचा एक जण मला म्हणाला, "तुमच्या बाईनं अख्खी बोट गिळली भाऊ, ढेकरही नाई दिली." सगळे हसले. मीही हसलो...

नाल्यावर पूल झाला, त्यानंतर कधीतरी त्या मला ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर भेटल्या. पोरीकडे निघाल्या होत्या, केस पार पांढरे झालेले. मी सुरुवात केली, "बाई, त्या बोटीचं..."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तवाच विचारलं होतं मी, हापिसातल्या बाबूले. तुमी तोंडच उघडलं नाई म्हणे." आवाज चढला नव्हता. "मले सांगून काय फायदा? गावात या, चार लोकांत सांगा. अजून माह्या सुनेले ऐकवतात."

"येतो," म्हणालो. गेलो नाही.

गेलो तो त्यांच्या तेरवीला. मुलानं हात धरून पुढे आणलं. "भाऊ, तुमी आईसोबतचे. दोन शब्द बोला." मांडवात सगळं गाव होतं; टपरीवरचा तो माणूसही होता, म्हातारा झालेला. सून पदर तोंडाला लावून खांबाजवळ उभी होती. बाईंनी एक पैसा घेतला नाही, बोट मी बुडवली, मला माफ करा... एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "बाई फार मनमिळाऊ होत्या," आणि खाली बसलो.