एकतीस सेंटिमीटर

माझी मावशी मोजणी खात्यात होती. तीस वर्षं तिने रस्ते, पूल आणि शाळांची पटांगणं मोजली. ऑफिसातले लोक पाठीमागे तिला टेपबाई म्हणत. "माझ्यावर आकडे तरी आहेत. यांच्यावर काय आहे?" एवढंच ती म्हणायची.

आमच्या शहराला ती आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा मिळाली तेव्हा ट्रॅक मोजायचं काम तिच्याकडे आलं. साठ वर्षांपूर्वी सात देशांतल्या शिक्षकांनी ही स्पर्धा सुरू केली होती. तेव्हा खेळ चार, खेळाडू शाळेच्या वर्गांत झोपायचे आणि जिंकणाऱ्याला पितळेचं पदक मिळायचं. पुढे दर चार वर्षांनी देश वाढले, खेळ वाढले आणि त्याहून जोरात समित्या वाढल्या. आमच्याकडे तेवीस देश, सोळा खेळ आणि एकेचाळीस समित्या होत्या. त्यातली एक समिती बाकीच्या समित्यांच्या बैठकांना खुर्च्या पुरवायची. सगळ्यांच्या डोक्यावर अध्यक्ष. हे गृहस्थ जन्मात कधी बस पकडायलाही धावले नसतील, पण आठ महिने ट्रॅकसूटचं जाकीट घालून मिरवत होते.

मावशीने स्टीलच्या टेपने ट्रॅक दोनदा मोजला. चारशे मीटरला एकतीस सेंटिमीटर कमी. कारणही तिने शोधलं. बड्या पाहुण्यांच्या सोफ्यांना जागा पुरेना, म्हणून स्टँड पुढे ओढला होता आणि त्यापायी एका बाजूचं अख्खं वळण दहा सेंटिमीटर आत घेतलं होतं.

अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. "अहो बाई, एकतीस सेंटिमीटर म्हणजे काय? हातभरसुद्धा नाही!"

"हातभर नाही साहेब, पाऊलभर आहे. धावणारी माणसं पायांनी धावतात."

"सही करून टाका हो. कोण बघतंय?"

"मी बघितलंय की."

दुसऱ्याच दिवशी तिला खेळाडूंच्या वसाहतीत गाद्या मोजायला पाठवलं. तिच्या जागी अध्यक्षांचे साडू आले. त्यांनी टेप सैल सोडली. सैल टेपवर आकडा वाढतो, एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं. चहा थंड व्हायच्या आत चारशे मीटर भरले आणि खाली सहीही झाली.

स्पर्धेच्या चौथ्या दिवशी एका चिमुकल्या देशाच्या, कुणी नावही न ऐकलेल्या मुलीने दहा हजार मीटरमध्ये स्पर्धेचा जुना विक्रम चार सेकंदांनी मोडला. अध्यक्ष तिच्याआधी माईकपाशी पोचले आणि 'आमच्या जागतिक दर्जाच्या ट्रॅक'वर वीस मिनिटं बोलले. ती पोरगी टॉवेल गुंडाळून मागे उभी.

विक्रम झाला की ट्रॅक पुन्हा मोजायचा, असा नियम. बाहेरून आलेल्या निरीक्षकबाईंनी मोजणीदार कुठे म्हणून विचारलं. साडूंचं ब्लडप्रेशर नेमकं त्याच वेळी वाढलं. मग गाद्यांमधून मावशीला शोधून आणलं.

अध्यक्ष तिच्या कानाशी लागले. "मावशी, तुम्ही तर घरच्याच. जरा सैल धरा."

टेपबाईची एकदम मावशी झाली होती. टेप तिने ताणूनच धरली. तीनशे नव्याण्णव मीटर एकोणसत्तर सेंटिमीटर. विक्रम रद्द!

अध्यक्षांनी लगेच हात झटकले. चूक म्हणे मोजणी खात्याची. चाळीस समित्या मूग गिळून बसल्या. एकेचाळिसावी खुर्च्या उचलत होती.

ती मुलगी मात्र दुभाष्याला घेऊन मावशीकडे आली. "एकूण किती कमी पडलं?"

"पंचवीस फेऱ्या. पावणेआठ मीटर."

मुलीने बोटांवर हिशेब केला. "दीड सेकंद. तेवढं मी धावले असते. मला कुणी आधी सांगितलं का नाही?"

मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते जाकिटातल्या माणसाला. ते थेट निरीक्षकांना लिहून कळवावं, हे तिला तेव्हा सुचलंच नाही. अध्यक्षांवरचा राग तिने कधी लपवला नाही, पण या एका गोष्टीसाठी ती स्वतःलाही सोडत नाही. तिने खिशातला कोरा कागद काढला आणि त्यावर लिहून दिलं, की ही मुलगी नऊ हजार नऊशे ब्याण्णव मीटर पंचवीस सेंटिमीटर अंतर अमुक वेळात धावली, माप माझं. खाली सही केली. मुलीने घडी घालून तो कागद बुटात ठेवला.

स्पर्धेचं जाडजूड स्मरणपुस्तक निघालं. त्यात अध्यक्षांचे एकोणीस फोटो आहेत आणि त्या शर्यतीबद्दल 'तांत्रिक मतभेद' असे दोन शब्द. पुढच्या स्पर्धेला त्यांनाच सल्लागार नेमलं. अनुभवी माणूस ना!

मावशी वर्षभराने निवृत्त झाली. टीव्हीवर ते जाकीट दिसलं तर ती चॅनल बदलत नाही, आवाज तेवढा बंद करते आणि आम्हाला म्हणते, "आता बघा. कळतंय का काही कमी झालेलं?"