उसवलेली बाही

जळगावच्या पिंप्राळ्यात ब्लाउज शिवणाऱ्या दिपमालाला दुपारी कधी झोप लागत नसे. त्या शनिवारी मात्र मशीनवर डोकं टेकलं आणि डोळा लागला.

धुळ्याला दुसऱ्याच दिवशी पोशाखांची स्पर्धा होती. नाव तिनं दिलंच नव्हतं. चेलनाभाभी तिची जुनी गिऱ्हाईक, घरचं कापडाचं दुकान. तिनंच परस्पर नाव देऊन टाकलं आणि म्हणाली, "कापड माझं, शिलाई तुमची. घालून मीच फिरते स्टेजवर."

स्वप्नात हॉल गच्च भरला होता. दिपमाला कात्री चालवी, पण कापलेलं कापड मागून परत जुळून येई. टेपवर आकडेच नव्हते. माईकवरून कुणीतरी तिचं नाव सारखं पुकारत होतं आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. पडदा सरकला, तर पुढे चेलनाभाभी नव्हतीच. तिला शिवण शिकवणारी ताईबाई मावशी उभी होती. अंगात मरून रंगाची रेशमी चोळी, आणि एक हात उघडा.

"मन्ही बाही कोठे शे?" मावशीनं विचारलं.

दिपमाला दचकून उठली. मानेवर घाम. समोर हँगरला स्पर्धेसाठी शिवलेली तीच मरून चोळी लटकत होती, दोन्ही बाह्या जागच्या जागी. तरी तिला डावी बाही ओढल्यासारखी दिसायला लागली. तिनं मोजली. बरोबर होती. पुन्हा मोजली. मग बसून उसवायला घेतली. कात्रीचं टोक घसरलं आणि बाहीला मधोमध चीर गेली.

पाइपच्या कंपनीतून नवरा आला तेव्हा ती जमिनीवर चिंध्या पसरून बसली होती.

"काय झालं?" भूपेंद्रनं विचारलं.

"स्वप्न पडलं."

"आणि स्वप्नासाठी कापड फाडलंस?"

तिला रडू आलं. त्यानं चहा ठेवला. तिनं धुळ्याला मावशीला फोन लावला. मावशी सगळं ऐकून हसली. "मी जित्ती शे ना, बाई. मन्हा दोन्ही हात बी शेत. तू जेवनी का?"

ती जेवली नव्हती. जेवून तिनं पेटीतलं लुगडं काढलं, मावशीनंच लग्नात दिलेलं, हिरवं. त्याच्या काठाची डावी बाही बेतली. उजवी मरूनच राहू दिली; ती उसवायची आता हिंमत नव्हती.

धुळ्यात चेलना ऐटीत चालून आली. परीक्षक बाईंनी विचारलं, "दोन बाह्या दोन रंगांच्या. ही कल्पना कशी सुचली?"

चेलना शेजारून डोळ्यांनी खुणावत होती, काहीतरी छान सांगा.

"सुचली नाही," दिपमाला म्हणाली. "घाबरून एक बाही मीच फाडली."

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाहीचा काठ दोन बोटांत धरून नीट पाहिला आणि पुढे गेल्या. बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. मावशी हॉलच्या पायऱ्यांवर थांबली होती. तिनं भाचीच्या गालावरून हात फिरवला आणि चेलनाच्या चोळीची बाही उलटी करून शिलाई तपासली.

परतीच्या बसमध्ये तरी शांत वाटेल असं दिपमालाला वाटलं होतं. तसं झालं नाही. चेलना खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि ही नखानं स्वतःच्या तळहातावर ब्लाउजच्या गळ्याचे आकार काढत राहिली. एक काढायचा, पुसायचा. जळगाव आलं तरी तिचं बोट थांबलं नव्हतं.